सहा जणांना थोडं थोडं माहीत होतं

हे प्रकरण एका मुलाचं म्हणून लिहिलं आहे, पण ते अनेकांच्या अनुभवांतून जुळवलेलं आहे. समुपदेशनाच्या खोलीत ऐकलेलं जसंच्या तसं मांडता येत नाही आणि मांडूही नये. वय, काम, नाती, प्रसंग यांची सरमिसळ केली आहे, त्यामुळे कुणा एकाची ओळख इथे सापडणार नाही. गोष्टी ज्या क्रमानं घडत जातात, तो क्रम मात्र खरा आहे. आत्महत्येच्या पद्धतीचा उल्लेख मुद्दाम टाळला आहे.

परिस्थिती

तो सव्वीस वर्षांचा. यंत्रदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये कामाला, घरापासून लांब, एका मित्राबरोबर भाड्याच्या खोलीत राहणारा. दोन वर्षांपूर्वी त्यानं आणखी दोघांबरोबर भागीदारीत स्वतःचं छोटं वर्कशॉप काढलं होतं. ते वर्षभरात बुडालं. भागीदार बाजूला झाले, कर्ज याच्या नावावर राहिलं. वडिलांनी म्हातारपणासाठी साठवलेल्या पैशांतला मोठा हिस्साही त्यात गेला. मग पुन्हा नोकरी. चार वर्षांचं नातं त्याच सुमारास तुटलं.

घरात कुणीही त्याला बोल लावला नव्हता आणि नेमकं तेच त्याला सोसत नव्हतं. "बाबा दोन शिव्या देऊन मोकळे झाले असते तर बरं झालं असतं," असं तो पुढे कितीतरी दिवसांनी म्हणाला.

या मुलाचा मृत्यू झाला असता तर बातमीचा मथळा काय असता हे सांगायला नको. 'कर्जाला कंटाळून तरुणाचं टोकाचं पाऊल.' एका ओळीत कारण आणि परिणाम. वाचणाऱ्या दुसऱ्या कर्जबाजारी मुलाला त्यातून काय कळतं, याचा विचार मथळा देणाऱ्यानं करायला हवा. आत्महत्येला सहसा एकच कारण नसतं. कर्ज होतं, तुटलेलं नातं होतं, न झोपलेल्या रात्री होत्या, दारू होती, उपचार न झालेलं नैराश्य होतं आणि या सगळ्याबद्दल कुणाशी बोलायची सवयच नव्हती.

कागदावर आलेल्या नोंदी

तो धोक्यातून बाहेर आल्यावर तिसऱ्या महिन्यात, त्याच्या संमतीनं आणि त्याच्यासमोर, आम्ही त्याच्या जवळच्या माणसांना बोलावलं. कुणावर ठपका ठेवायचा नव्हता. त्यानं जीव द्यायचं ठरवलं त्या रात्रीआधीच्या दहा आठवड्यांत प्रत्येकानं काय पाहिलं ते सांगायचं, मी तारखेनुसार एका मोठ्या कागदावर लिहीत जायचं, एवढंच ठरलं होतं.

बहिणीनं सांगितलं की दर रविवारचा अर्ध्या तासाचा फोन पाच मिनिटांवर आला होता. एकदा तो म्हणाला होता, "ताई, आई-बाबांकडे तूच बघशील ना गं?" तिला वाटलं, भाऊ जबाबदारीनं बोलायला लागला.

खोलीतल्या मित्राला माहीत होतं की तो पहाटे तीनला जागा असतो. शनिवारची दारू रोजची झाली होती. नळ नीट बंद केला नाही एवढ्यावरून त्यानं एकदा ताट भिरकावलं होतं. मित्र म्हणाला, "मला वाटलं माझ्यावरच खार खाऊन आहे. मी बोलणं कमी केलं."

वर्कशॉपमधल्या एका ज्येष्ठ कारागिराला सगळे मामा म्हणतात. त्यांनी पाहिलं होतं की पहिल्या पगारातून घेतलेली स्वतःची अवजारांची पेटी त्यानं नव्यानं लागलेल्या पोराला देऊन टाकली. मामांना त्याच्या मोठ्या मनाचं कौतुक वाटलं होतं. व्यवस्थापकाकडे सात वेळा झालेला उशीर आणि दोन चुकांची नोंद होती, शिवाय त्यानं दिलेल्या लेखी ताकिदीची प्रत. एका जुन्या भागीदाराला रात्री बारा वाजता निरोप आला होता, "माझं काही चुकलं असेल तर माफ कर." त्यानं उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवलं होतं. ते सांगताना तो मान वर करू शकत नव्हता.

डॉक्टर येऊ शकले नाहीत, फोनवर बोलले. दोन महिन्यांत तो तीनदा त्यांच्याकडे गेला होता. डोकेदुखी, पित्त, झोप नाही. तिन्ही वेळा गोळ्या दिल्या होत्या.

कागद भरला तेव्हा खोलीत कुणी बोलेना. एकेकट्या नोंदीत घाबरण्यासारखं फार काही नाही. सगळ्या एकाखाली एक आल्या की शाळकरी मुलालाही कळेल असं चित्र उभं राहतं. पण त्या सहा जणांपैकी बहुतेकांची आपसात ओळखच नव्हती. बहिणीकडे मित्राचा नंबर नव्हता. मामांना रात्रीच्या जागरणाची कल्पना नव्हती. व्यवस्थापकाला अवजारांच्या पेटीचं कुणी सांगितलं नव्हतं.

इथे एक गोष्ट आवर्जून लिहायला हवी. ज्यांनी आपला मुलगा, भाऊ, मित्र गमावला आहे, ते हा परिच्छेद वाचून स्वतःला कोर्टात उभं करतील, ही भीती मला आहे. मागे वळून पाहताना खुणा ठळक दिसतात, जगत असताना त्या रोजच्या धावपळीत मिसळलेल्या असतात. काही वेळा सगळं करूनही माणूस हाती लागत नाही. हे लिहिण्यामागे त्यांना दोष देण्याचा हेतू कणभरही नाही.

मुलगे वेगळे दिसतात

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ७ लाख २७ हजार माणसं आत्महत्येनं गेली. १५ ते २९ या वयोगटात मृत्यूच्या कारणांत आत्महत्येचा क्रमांक तिसरा लागतो आणि जगाचा एकत्रित विचार केला तर पुरुषांमधलं प्रमाण स्त्रियांच्या साधारण दुप्पट आहे. नैराश्याचं निदान मात्र स्त्रियांमध्ये अधिक होतं. या दोन वाक्यांमधली फट फार मोठी आहे. या फटीत कोण पडतं, तर हा मुलगा.

तो रडला नाही. चिडला. नैराश्य म्हटलं की कोपऱ्यात बसून अश्रू गाळणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो, आणि तो दिसला नाही की आपण निर्धास्त होतो. तरुण पुरुषांमध्ये तेच दुःख पुष्कळदा राग, दारू, बेदरकारपणा, अंगदुखी आणि कामातल्या चुका अशा वेशात येतं. राग आला की माणसं लांब जातात. ज्याला जवळ कुणी हवं असतं, त्याच्याभोवती असा रिकामा घेर तयार होतो. ताट भिरकावणं आणि मित्रानं बोलणं कमी करणं यांत अंतर एका दिवसाचं होतं.

लहानपणापासून त्याला मिळालेले सल्ले आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. मुलीसारखा रडू नकोस. मनाला लावून घेऊ नकोस. घट्ट हो. हे सल्ले प्रेमानंच दिलेले असतात. पण वीस वर्षं असं ऐकलेल्या मुलाकडे 'मला आता झेपत नाही' हे वाक्य उच्चारायला शब्दच उरत नाहीत. डॉक्टरांकडे तो तीनदा गेला, म्हणजे मदत मागायला गेलाच की! मन आणायची हिंमत झाली नाही, म्हणून पोट आणि डोकं घेऊन गेला. आत्महत्येनं गेलेल्या व्यक्तींविषयीच्या अनेक अभ्यासांचा २००२ साली एकत्रित आढावा घेतला गेला होता. त्यातल्या साधारण ४५ टक्के व्यक्ती अखेरच्या महिन्यात एखाद्या सामान्य डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या. तपासणीच्या त्या पाच मिनिटांत 'झोप का येत नाही रे?' एवढा एक प्रश्न बसतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांनी २००५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात मरणाच्या इच्छेमागे दोन भावना सांगितल्या आहेत. एक, आपण कुणाचेच नाही असं वाटणं. दुसरी, आपण जवळच्यांवर ओझं आहोत असं वाटणं. हा मुलगा मला पहिल्या भेटीत म्हणाला होता, "मी नसेन तर हिशेब मिटेल." स्वतःच्या जगण्याची गणना तो देण्यांच्या रकान्यात करत होता. त्याच्या दृष्टीनं हा घरच्यांसाठी केलेला त्याग होता. अशा माणसाला 'स्वार्थी आहेस, आई-बापाचा विचार कर' असं सांगणं म्हणजे त्याच्या ओझ्यात भर घालणं. तो त्यांचाच विचार करत असतो, वेड्यासारखा.

ती रात्र

एका गुरुवारी मित्र कामावरून लवकर परतला. खोली आवरलेली होती. टेबलावर बँकेची कागदपत्रं एका फायलीत नीट लावलेली, वर आपल्या वाट्याच्या दोन महिन्यांच्या भाड्याचं पाकीट. तो शांत होता, कित्येक आठवड्यांत नव्हता इतका. मित्राला आधी बरं वाटलं आणि दुसऱ्याच क्षणी पोटात गोळा आला. मित्राला स्वतः विचारायचं धैर्य होईना. तो बाहेर जिन्यात आला आणि वर्कशॉपमधल्या ज्या मामांचं नाव त्यानं अनेकदा ऐकलं होतं, त्यांना फोन लावला.

मामा वीस मिनिटांत आले. त्यांनी कुठलंही प्रशिक्षण घेतलेलं नव्हतं. समोर बसून त्यांनी विचारलं, "अरे, तू जीव द्यायचा विचार करतोयस का? खरं सांग, मी रागावणार नाही."

बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, "हो मामा. आजच."

मामा म्हणाले, "बरं. मग मी इथेच बसतो."

या तीन वाक्यांवर मी दहा वर्षांत दिलेली सगळी भाषणं ओवाळून टाकेन. आपल्याकडे हा विषय काढायची वेळ आली की जीभ 'बरंवाईट' या शब्दाचा आडोसा घेते. "काही बरंवाईट करणार नाहीस ना?" या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं आहे. समोरच्यानं 'नाही' म्हणावं अशी विनवणी त्यात आहे आणि तो बिचारा आपल्याला सांभाळून घेत 'नाही' म्हणतो. मामांनी सरळ शब्द वापरले आणि रागावणार नाही म्हणून 'हो' म्हणायला जागा केली. विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार शिरेल अशी भीती जवळजवळ प्रत्येक पालक मला बोलून दाखवतो. २०१४ मध्ये या प्रश्नावरच्या संशोधनाचा आढावा प्रसिद्ध झाला. विचारल्यामुळे आत्महत्येचे विचार वाढतात असं त्यात आढळलं नाही. उलट ते कमी होण्याची शक्यता दिसली.

पुढे त्या दोघांनी जे केलं ते साधं होतं. त्यानं मनाशी जे साधन ठरवलं होतं, ते मित्रानं त्याच्याकडून मागून घेतलं आणि घराबाहेर नेलं. दारूही नेली. रात्रभर त्याला एकटं सोडलं नाही. उपदेश केला नाही. त्यानं हात जोडून विनवलं, "घरी कळवू नका." मामांचं उत्तर मी अनेकांना सांगतो: "हे गुपित मी ठेवणार नाही. पण तुझ्या पाठीमागे सांगणार नाही, तुझ्यासमोर फोन करीन." पहाटे ताईला फोन गेला, सकाळी ते तिघे रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात होते.

साधन दूर नेण्याला लोक फार महत्त्व देत नाहीत. "ज्याला मरायचंच आहे तो दुसरा मार्ग शोधेल" असं म्हणतात. हे बहुतेक वेळा खोटं ठरतं. प्रयत्नातून वाचलेल्या ८२ रुग्णांशी बोलून केलेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या जवळपास निम्म्या रुग्णांनी सांगितलं की त्या वेळी मनात विचार येण्यापासून प्रत्यक्ष प्रयत्नापर्यंत दहा मिनिटं किंवा त्याहून कमी वेळ गेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर अडवल्या गेलेल्या ५१५ जणांचा माग रिचर्ड सायडन यांनी काढला होता. १९७८ च्या त्यांच्या अहवालानुसार सुमारे ९४ टक्के जण एकतर जिवंत होते किंवा नैसर्गिक कारणानं गेले होते. लाट ओसरते. ती ओसरेपर्यंत माणूस आणि साधन यांच्यामध्ये कुणीतरी बसून राहायला हवं. हे कळूनही त्या पुलाखालची सुरक्षा जाळी पूर्ण व्हायला २०२४ उजाडलं. समाज म्हणून आपण किती सावकाश शिकतो याचा हा पुरावा आहे आणि मला तो फार बोचतो.

नंतरचे महिने

रुग्णालयात तो नऊ दिवस होता. नैराश्याचं निदान झालं, औषधं सुरू झाली. तिथेच त्याच्याबरोबर बसून एक सुरक्षा आराखडा लिहिला गेला. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन यांनी विकसित केलेली ही पद्धत साधी आहे: संकट जवळ येतंय हे मला कशावरून कळेल, मी एकटा काय करू शकतो, कुठे किंवा कुणात जाऊन बसलो की लक्ष दुसरीकडे वळतं, कुणाला मोकळेपणानं सांगू शकतो, कोणत्या डॉक्टरला किंवा हेल्पलाइनला फोन करायचा आणि घरातून काय दूर ठेवायचं. त्याच्या कागदावर पहिल्या प्रश्नापुढे लिहिलं होतं, 'सलग तीन रात्री जागणं. हिशेबाची वही पुन्हापुन्हा उघडणं.' हा आराखडा आणि त्यानंतर नियमित फोन, एवढ्यानं आत्महत्येच्या वर्तनाचं प्रमाण सहा महिन्यांत सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळलं, असं अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतला २०१८ चा अभ्यास सांगतो.

फोनचं महत्त्व मला माझ्या चुकीतून कळलं. रुग्णालयातून सुटल्यानंतरचे पहिले तीन महिने सर्वाधिक जोखमीचे असतात हे मी इतरांना शिकवते. चौथ्या आठवड्यात गुरुवारचा ठरलेला फोन माझ्याकडून राहिला. सोमवारी करू म्हटलं. शनिवारी रात्री तो प्यायला आणि एकटाच बाहेर पडला. खिशात आराखड्याचा कागद होता म्हणून त्यानं तिसऱ्या क्रमांकावरच्या नावाला, खोलीतल्या मित्राला, फोन केला. मला का नाही केला असं विचारल्यावर म्हणाला, "वाटलं तुम्हीपण कंटाळलात." माझ्यासाठी तो एक राहिलेला फोन होता. त्याच्यासाठी तो पुरावा होता.

जेरोम मोटो या मानसोपचारतज्ज्ञानं सॅन फ्रान्सिस्कोत एक प्रयोग केला होता. रुग्णालयातून गेल्यावर पुढचे उपचार नाकारलेल्या किंवा सोडलेल्या ८४३ जणांपैकी जवळपास निम्म्यांना काही वर्षं छोटी पत्रं पाठवली. कसलीही मागणी नाही, फक्त 'तुमची आठवण आहे, कळवावंसं वाटलं तर कळवा.' पत्रं मिळालेल्या गटात, विशेषतः पहिल्या दोन वर्षांत, आत्महत्यांचं प्रमाण कमी राहिलं. हा प्रयोग मला पूर्वीही पाठ होता. अर्थ त्या शनिवारनंतर लागला.

औषधांनी झोप आली, चिडचिड कमी झाली, पण कर्ज औषधांनी फिटत नाही. मानसिक आरोग्याची जबाबदारी डॉक्टरांवर सोपवून बाकीचे मोकळे होतात, तिथे माझा आक्षेप आहे. एका मोठ्या अभ्यासात ६३ देशांची २००० ते २०११ ची आकडेवारी तपासली गेली. बेरोजगारीशी जोडता येणाऱ्या आत्महत्या त्यात वर्षाला सुमारे ४५ हजार निघाल्या. त्यांच्यासाठी कुठल्या गोळ्या लिहायच्या?

म्हणून आम्ही हिशेबाची वही उघडली, पण दिवसा आणि चौघांत. ताईच्या ओळखीच्या एका निवृत्त बँक कर्मचाऱ्यानं दोन संध्याकाळी बसून सगळी देणी मांडली. मुदत वाढवून घेतली, हप्ता कमी झाला. अंगठ्याचं चित्र पाठवणारा भागीदार तिसरा हिस्सा द्यायला तयार झाला. दुसरा अजूनही फोन उचलत नाही. व्यवस्थापकानं ताकीद मागे घेतली आणि सहा आठवडे अर्ध्या दिवसाचं काम दिलं. त्यानं आपल्या वर्कशॉपसाठी नियमही केला: कामात अचानक बिघाड झालेल्या माणसाला ताकिदीचा कागद देण्याआधी त्याच्याशी बंद दाराआड अर्धा तास बोलायचं.

सगळं गोड झालं असं नाही. कामावर परतल्यावर "आजारी होतो, मनाचा आजार होता" असं त्यानं स्वतःच सांगितलं, तेव्हा एक जण "नाटकं" असं पुटपुटला. ते त्याच्या कानावर गेलं आणि तो आठवडा वाईट गेला. नव्या पोरानं पहिल्याच दिवशी अवजारांची पेटी त्याच्या टेबलावर आणून ठेवली. एक शब्द बोलला नाही.

वडील येऊन दोन आठवडे खोलीवर राहिले. पहिले दोन दिवस दोघं हवामानावर बोलले. तिसऱ्या रात्री वडील म्हणाले, "पैसे गेल्याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तू एकट्यानं उचलायला गेलास, त्याचं जास्त वाटलं." त्यानंतर मुलगा रडला. वडिलांनी त्याला गप्प केलं नाही.

आता अकरा महिने झाले. औषधं डॉक्टरांच्या सल्ल्यानं चालू आहेत. दारू दोनदा सुटली आणि एकदा परत लागली, सध्या बंद आहे. ताई आणि मित्र एकमेकांचे नंबर बाळगून असतात आणि तो त्यांना 'माझे पहारेकरी' म्हणतो. कर्जाचे हप्ते बाकी आहेत. मागच्या महिन्यात सलग दोन रात्री जाग आली तेव्हा तिसरीची वाट न बघता त्यानं मामांना कळवलं. फाइल मी बंद केलेली नाही. पुढचा फोन गुरुवारी संध्याकाळी सात वाजता आहे आणि तो मी करायचा आहे.